पहिला बॉम्ब तराबलसवर पडला

राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी विमान उडवलं. त्या दिवशीचं सगळ्यात लांब उड्डाणसुद्धा मिनिटभर टिकलं नव्हतं. त्यानंतर आठ वर्षं व्हायच्या आतच जगात पहिल्यांदा विमानातून बॉम्ब टाकला गेला. तो पडला लिबियात, तराबलस शहराजवळ. मराठी पुस्तकांत याच शहराला त्रिपोली म्हणतात.

लिबिया तेव्हा उस्मानी साम्राज्याचा भाग होता. इंग्लंड-फ्रान्ससारखी आपल्यालाही आफ्रिकेत वसाहत हवी, म्हणून इटलीने २९ सप्टेंबर १९११ रोजी युद्ध पुकारलं. इटलीच्या फौजेबरोबर काही विमानंही होती. २३ ऑक्टोबरला कॅप्टन कार्लो पियाझ्झा विमानातून शत्रूच्या छावण्यांची टेहळणी करून आला. युद्धात विमान वापरण्याची ही सुरुवात मानली जाते.

पुढची पायरी नऊ दिवसांनी आली. १ नोव्हेंबरला लेफ्टनंट जुलिओ गावोत्ती चार छोटे बॉम्ब घेऊन निघाला. एकेकाचं वजन जेमतेम दीड-दोन किलो. विमानात बॉम्ब टाकायची काहीच सोय नव्हती. एका हाताने विमान सांभाळायचं आणि दुसऱ्या हाताने बॉम्ब तयार करून खाली भिरकवायचा, असा तो प्रकार. आइन झारा आणि ताजुरा या ठिकाणी त्याने ते टाकले. नंतर वडिलांना पत्र लिहून त्याने ही सगळी हकिकत कळवली. तेव्हा तो अवघ्या २९ वर्षांचा होता.

नुकसान फारसं झालं नाही, पण वाद लगेच सुरू झाला. बॉम्ब इस्पितळावर पडल्याची तक्रार उस्मानी बाजूने केली. आकाशातून असा मारा करणं कायद्यात बसतं का, यावर वर्तमानपत्रांत चर्चा झडली. १८९९ साली हेग इथल्या परिषदेत बलूनमधून स्फोटकं टाकायला पाच वर्षांची बंदी घातली होती. ती मुदत संपली. १९०७ साली बंदी पुन्हा मांडली गेली, तेव्हा बऱ्याच मोठ्या लष्करी सत्तांनी तिच्यावर सही केली नाही. इटली त्यांतलीच एक.

या युद्धाची झळ हिंदुस्थानातल्या मुसलमानांच्या मनापर्यंत पोहोचली होती. मौलाना आझादांचं ‘अल-हिलाल’ जुलै १९१२ मध्ये कलकत्त्यातून निघालं. त्यात तराबलसच्या बातम्या ठळकपणे येत. इक्बाल यांची ‘फातिमा बिन्त अब्दुल्लाह’ ही नज़्म याच युद्धातली. जखमी गाज़ींना पाणी पाजताना शहीद झालेल्या अरब मुलीवर ती आहे. उर्दू शिकवताना ही नज़्म आली की मी फळ्यावर आधी तराबलसचा नकाशा काढतो. हे युद्ध समजल्याशिवाय त्या मुलीचं मरण समजत नाही.

पण आपण फक्त तराबलससाठी रडायचं कारण नाही. पुढची गोष्ट आपल्याच देशातली आहे. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बाग घडलं, हे शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतं. दुसऱ्याच दिवशी पंजाबातल्याच गुजरांवाल्यात काय झालं, ते फार थोड्यांना माहीत आहे. तिथे जमावाने रेल्वे स्टेशन, पोस्ट, चर्च पेटवलं. सरकारने लाहोरहून विमानं धाडली. विमानांनी शहरावर आणि आसपासच्या खेड्यांवर बॉम्ब टाकले, मशीनगन चालवली. खालसा हायस्कूलचं वसतिगृहही त्यातून सुटलं नाही. खाली हिंदू, मुसलमान, शीख सगळेच होते. बॉम्बने कुणाचा धर्म विचारला नाही.

पुढे हंटर समितीपुढे कॅप्टन कार्बेरी या वैमानिकाची साक्ष झाली. काही माणसं मेली तर बाकीचे पुन्हा गुजरांवाल्याकडे चालून येणार नाहीत, हे त्यांच्याच भल्याचं होतं, असा त्याच्या सांगण्याचा रोख होता. त्या समितीत मुंबईचे सर चिमणलाल सेटलवाड, पंडित जगत नारायण आणि साहिबजादा सुलतान अहमद खान हे तीन हिंदी सभासद होते. त्यांनी इंग्रज सभासदांपेक्षा वेगळा अहवाल लिहिला. सरकारनेच नेमलेल्या समितीत बसून वेगळं मत नोंदवायला हिंमत लागते. ही तीन नावं मुलांना सांगायला हवीत.

१९२२ साली इराकच्या बंदोबस्ताची जबाबदारी ब्रिटिश हवाई दलाकडे गेली. पायदळापेक्षा विमानं स्वस्त पडतात, हा हिशेब. तिथे एका तुकडीचं नेतृत्व करणारा आर्थर हॅरिस दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बॉम्बर दलाचा प्रमुख झाला. जर्मनीची शहरं त्याच्या हुकमाने जळाली. वसाहतींत गिरवलेला धडा असा युरोपच्या घरी परतला.

२०११ साली, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी, लिबियावर पुन्हा परकी विमानं आली. त्यांतली कित्येक इटलीच्या तळांवरून उडाली होती. या वेळी कारण वेगळं सांगितलं गेलं. कारणं दर वेळी वेगळी असतात. म्हणून बॉम्बहल्ल्याची बातमी वाचताना विमानाचं नाव, वेग, किंमत यांच्या पुढे जाऊन एक प्रश्न जरूर विचारा: खाली कोण होतं? खाली आपला माणूस असो की परका, हा प्रश्न बदलता कामा नये.