वस्ती म्हणजे नुसते 'फील्ड' नव्हे



2020 च्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात 'समुदाय सहभाग' आला. यूजीसीच्या आराखड्यात शाखा कोणतीही असो, त्यासाठी दोन क्रेडिट आहेत: एक वर्गातल्या अभ्यासाचे, एक वस्तीतल्या कामाचे. कल्पनेला आमचा विरोध नाही. पण अकलूज हे साखर कारखान्याचे गाव. इथे ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर किंवा बौद्धवस्तीत विद्यार्थी फॉर्म भरून नेतील, त्याचे पुढे काय? विद्यार्थ्याला मार्क मिळतील. वस्तीला काय?

याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे.

1928 साली मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासींच्या स्थितीच्या चौकशीसाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. 1929 मध्ये खानदेशातले काम आटोपून मुंबईला परतताना ते चाळीसगावला उतरले. धुळे मार्गावरच्या एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता, त्याची चौकशी त्यांना करायची होती. ती करून चाळीसगावला परत आल्यावर त्यांना महारवाड्यात न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. अखेर टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. वस्तीतल्याच एकाने लगाम धरला. त्याला सवय नव्हती. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले.

कोलंबिया-लंडनच्या पदव्या, सरकारी समितीचे सदस्यत्व. टांगेवाल्यांना दिसली ती जात. ज्या अन्यायाची ते नोंद घेत होते, तोच त्यांच्या वाट्याला आला. पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हा अनुभव स्वतः लिहून ठेवला.

सोलापूर जिल्ह्याचाही दाखला आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी 1925 मध्ये सोलापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. गरज ओळखली, तशी सोयही केली.

आज आपल्या मुलाने घरची परिस्थिती सांगितली तर ती 'तक्रार' ठरते. तीच दुसऱ्याने लिहून नेली की 'संशोधन' होते. हे बदलायचे असेल तर आमच्या तीन मागण्या आहेत. अभ्यासाचा प्रश्न वस्तीसोबत बसून ठरवा. अहवाल विहारात किंवा समाजमंदिरात मराठीतून वाचून दाखवा, लोकांना तो दुरुस्त करू द्या. आणि त्याची प्रत संबंधित कार्यालयात देऊन पाठपुरावा करा.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या कॉलेजात हा विषय सुरू झाला असेल तर पहिला प्रकल्प आपल्याच वस्तीचा घ्या. मात्र फॉर्म भरून तिथेच थांबू नका.