न बोलल्या जाणाऱ्या दुखण्याचा इतिहास

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी मी हा विषय सुचविला तेव्हा एक-दोघी भगिनींनी डोळे मोठे केले. परंतु हळदीकुंकवाला चार बायका जमल्या आणि पुरुषमाणसे बाहेर गेली, की हाच विषय हलक्या आवाजात निघतो, हे आपण सर्वजणी जाणतो. अंगावरून पांढरे जाणे. कोणी त्याला धुपणी म्हणते, वैद्य श्वेतप्रदर म्हणतात आणि पुष्कळ जणी काहीच म्हणत नाहीत. "कंबर फार भरून येते हो," एवढेच सांगतात. राजेरजवाड्यांचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले आहेत. हा आपला आहे.

दुखणे जुनेच आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात योनिव्यापद म्हणून स्त्रियांच्या विकारांचे वीस प्रकार दिलेले आहेत. त्या वैद्यांना हा विषय लिहिताना संकोच वाटला नाही. तो आपण मागाहून शिकलो. युरोपात सूक्ष्मदर्शक यंत्र आल्यावर पॅरिसच्या आल्फ्रेद दोने या डॉक्टरने १८३६ साली अशा स्रावाचा थेंब काचेखाली ठेवला. त्यात त्याला हालचाल करणारा एक जीव दिसला. त्याला आज ट्रायकोमोनास म्हणतात. त्यावर गुणकारी गोळी निघावयास मात्र १९६० च्या सुमारापर्यंत थांबावे लागले. म्हणजे सव्वाशे वर्षे गेली!

आता खरी गोष्ट येते ती जर्मनीतील. त्या काळी तिकडे इस्पितळात बाळंत होणाऱ्या बायका बाळंतज्वराने दगावत. व्हिएन्नाच्या सेमेलवाइस यांनी १८४७ साली डॉक्टरांना हात धुवावयास लावले तेव्हा त्यांच्या वॉर्डातील मृत्यू झपाट्याने कमी झाले. तरीही पुढे कित्येक वर्षे प्रश्न राहिला, की हे विष बाहेरून येते की बाईच्या अंगातच असते? याचा शोध घेताना आल्बर्ट डोडरलाइन यांनी गरोदर स्त्रियांचा स्राव तपासला आणि १८९२ साली लाइपझिग येथे आपला ग्रंथ छापला. निरोगी स्त्रीच्या योनिमार्गात त्यांना काडीसारखे जंतू आढळले. हे जंतू रोग करीत नव्हते, उलट राखण करीत होते. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणात घातक जंतूंची वाढ खुंटते.

आपल्याला हे समजावयास अवघड नाही. विरजण लावलेले दूध आंबट होते तेही लॅक्टिक आम्लानेच, आणि डोडरलाइन यांचे जंतू हे दह्यातल्या जंतूंच्या भाऊबंदांपैकीच. दोघांनाही लॅक्टोबॅसिलस हेच कुळनाम आहे. या जंतूंना लागणारी साखर बाईच्या शरीरातूनच मिळते. वयात आल्यावर ती वाढते आणि पाळी गेल्यावर कमी होते. म्हणून उतारवयात राखणदार कमी होतात आणि कोरडेपणा, आग, लघवीची जळजळ या तक्रारी सुरू होतात. "वय झाले" म्हणून त्या सोसण्याचे कारण नाही, त्यांवर उपाय आहेत.

दह्याची कीर्ती मात्र दुसऱ्याच वाटेने जगभर गेली. १९०५ साली स्टॅमेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने आपल्या देशातील दह्यातला जंतू ओळखला. मग पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील मेचनिकॉफ यांनी आंबट दुधाने आयुष्य वाढते असे लिहिले. त्यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, पण ते दह्यासाठी नव्हे, रक्तातील रोगभक्षक पेशींच्या शोधासाठी. आजकाल प्रोबायोटिक म्हणून ज्याचा गाजावाजा चालतो त्याचे मूळ येथे आहे.

तिकडे अमेरिकेत त्याच सुमारास उलटाच प्रकार चालला होता. फरशी पुसावयाचे जंतुनाशक पाण्यात मिसळून आतून धुवावे, नाहीतर नवरा दुरावेल, अशा जाहिराती मासिकांत येत! आपल्याकडे तुरटीच्या नाहीतर डेटॉलच्या पाण्याने आतून धुण्याची रीत आहे ती याच जातीची. धुण्याने राखणदार जंतूच वाहून जातात आणि दुखणे वाढते. बाहेरून साध्या पाण्याने स्वच्छता ठेवावी, आत काही घालू नये, असे डॉक्टर सांगतात.

आपल्या महाराष्ट्राचे नाव या इतिहासात गडचिरोलीमुळे आले. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी तेथील वसा व अमिर्झा या दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या इंग्लंडातील मासिकात, नव्हे साप्ताहिकात, तो अहवाल छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता. एकेका बाईला सरासरी साडेतीनांहून अधिक विकार होते, आणि त्यांतले निम्मे जंतुसंसर्गाचे. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया किती? फक्त ८ टक्के.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा वाचला. त्या काळी सरकारी दवाखान्यात बाई दिसे ती बाळंतीण म्हणून, नाहीतर शस्त्रक्रियेच्या यादीतले नाव म्हणून. तिला खाज सुटते, वास येतो, कंबर मोडून येते हे कोणी विचारीत नव्हते, आणि तीही सांगत नव्हती. शहरात आपण फार पुढे गेलो आहोत असे मला वाटत नाही. पुढे १९९४ साली कैरो येथे लोकसंख्येवर जागतिक परिषद भरली आणि कुटुंबनियोजनाच्या पलीकडे जाऊन स्त्रीच्या आरोग्याचा विचार करावा असे ठरले. तोवर गडचिरोलीचा दाखला जगभर दिला जाऊ लागला होता.

मग दही खाऊन हे बरे होते काय, असे मला दोन-तीन जणींनी विचारले. १९९२ साली अमेरिकेत थोड्या स्त्रियांना रोज वाटीभर दही देऊन पाहिले होते. बुरशीचा त्रास कमी झाला, पण मध्येच सोडणाऱ्या इतक्या, की त्यावर भरवसा ठेवता येत नाही. शिवाय ताटातले दही आणि आपल्या अंगातले मुख्य राखणदार यांची जात वेगळी. २०२० साली त्या खऱ्या जातीचा, क्रिस्पॅटस नावाचा जंतू, आत लावावयाच्या जेलचा उपचार झाल्यावर योनिमार्गात ठेवून पाहिला. बारा आठवड्यांत दुखणे उलटले ते ३० टक्के स्त्रियांत. ज्यांना नुसते औषधासारखे दिसणारे दिले त्यांच्यात ४५ टक्के. फायदा आहे, पण चमत्कार नाही. तेव्हा दही जेवणात खुशाल खावे, पण तपासणी टाळू नये. घट्ट, दह्याच्या कवडीसारखे जाणे व खाज ही बहुधा बुरशी. पातळ, माशासारख्या वासाचे ते वेगळे. औषधेही वेगवेगळी. शेजारणीची उरलेली गोळी आपल्याला चालत नाही.

सर्वांत नवी बातमी ऑस्ट्रेलियाची, २०२५ सालची. माशासारख्या वासाचे हे दुखणे औषध घेऊनही पुन्हा का येते, हे पाहण्यासाठी तेथे १६४ जोडप्यांचा अभ्यास झाला. एका गटात फक्त बाईला औषध दिले, दुसऱ्यात नवऱ्यालाही सात दिवस गोळ्या व लावावयाचे मलम दिले. पहिल्या गटात १२ आठवड्यांत ६३ टक्के स्त्रियांना ते पुन्हा झाले, दुसऱ्यात ३५ टक्के. फरक इतका स्पष्ट दिसला की अभ्यास मुदतीपूर्वीच थांबवावा लागला.