सहासष्टांचे स्मारक
दरवर्षी १४ एप्रिलला देशभरातील अग्निशमन केंद्रांत हुतात्म्यांना श्रद्धांजली वाहिली जाते. आपले गौलीगुड्याचे केंद्रही त्यास अपवाद नाही. या दिवसाचे मूळ मात्र मुंबईच्या गोदीत आहे.

१२ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज व्हिक्टोरिया गोदीस लागले. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि कराचीस चढविलेल्या कापसाच्या ८,७०० गाठीही. १४ तारखेस दुपारी धूर दिसला. जहाजावर धोक्याचा लाल बावटा नव्हता. बंबवाल्यांनी सुमारे दोन तास पाण्याचा मारा केला. पण आगीचे मूळ सापडेना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आसपास दुसरा. शेकडो माणसे दगावली. त्यांत ६६ अग्निशामक होते. युद्धकालीन निर्बंधांमुळे वृत्तपत्रांना ही वार्ता मे महिन्यापर्यंत छापता आली नाही.

भायखळ्याच्या मुख्यालयातील स्मारकास आजही पुष्पचक्र वाहतात. त्या शौर्याविषयी दुमत नाही. परंतु जहाज गोदीबाहेर काढावे की तेथेच बुडवावे, याचा निर्णय वेळेवर झाला नाही, हेही त्या स्मारकापुढे आठवावे. शासकीय सेवेत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्यास वाटते की, वरिष्ठांच्या विलंबाचे मोल अखेर कनिष्ठांनाच चुकवावे लागते.