परतीचा हिशेब

लोणावळ्याजवळच्या कुरवंडे घाटाने कारतलबखानाची फौज कोकणात उतरली आणि २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत सापडली. शिवाजी महाराजांनी पुढची वाट अडवली होती, मागचीही. परमानंदाच्या ‘शिवभारता’त रायबागन खानाला या रानात शिरण्याच्या अविचाराबद्दल सुनावते. मला तिचे निदान अचूक वाटते. खानाकडे सैन्य होते, परतीचा हिशेब नव्हता. अखेर सामानसुमान टाकून त्याला शरण यावे लागले.

पाण्याखालच्या गुहांत उतरणाऱ्या पाणबुड्यांनी हाच हिशेब नियमात बांधला आहे. डोक्यावर खडक असल्याने तिथे सरळ वर येता येत नाही. म्हणून एक तृतीयांश हवा जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी, उरलेली संकटासाठी. आणि गढूळ पाण्यात चाचपत परतता यावे म्हणून गुहेच्या तोंडापासून अखंड दोरी.

२०१८ साली थायलंडच्या थाम लुआंग गुहेत बारा मुले व त्यांचे प्रशिक्षक अडकले. हवेच्या टाक्या आत पोचवून परतताना समन कुनान हे माजी नौसैनिक दगावले. पाणी उपसण्याच्या कामात आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञही होते. वाट रुंद होणार नव्हती, पाणी मात्र उतरवता येत होते. १० जुलैपर्यंत तेराही जण बाहेर आले.

उंबरखिंड असो वा थाम लुआंग, आत शिरण्याचा निर्णय एकाचा असतो. तो चुकला तर किंमत सोबतच्यांना आणि सोडवायला येणाऱ्यांनाही मोजावी लागते. परतीचा विचार आधी करायचा तो त्यांच्यासाठी.