एक थैली, अनेक खेळ



सोंगट्या-कवड्या म्हटलं की आपल्यातल्या जुन्या बायका नाक मुरडतात. कारण उघड आहे. सप्त व्यसनांत पहिलं नाव जुगाराचंच! पण इतिहास पाहिला तर त्याच कवड्यांनी धर्माचा खेळही खेळला गेला आहे.

पूर्वी खेळाची एक थैली असे. तिच्यात चार रंगांच्या चार-चार अशा १६ सोंगट्या, सहा-सात कवड्या आणि घडी घालता येईल असा कापडी पट. अधिकाच्या आकाराचा पट अंथरला की पचीसी, पंचवीसच्या दानावरून नाव पडलेली. फरशीवर खडूनं पाच गुणिले पाच घरं आखली की त्याच सोंगट्या नि चार कवड्यांवर चल्लस-आठ. कवड्या नसतील तर चिंचोके फोडून घ्यायचे, एक बाजू काळी, एक पांढरी. सामान तेच, पट बदलला की खेळ बदलला.

गुजरात-राजस्थानातल्या जैनांनी याच सामानावर ज्ञानबाजी मांडली. तिलाच ज्ञानचौपड म्हणतात. अठराव्या शतकापासूनचे असे पट आजही संग्रहांत आहेत. बहुतेक जैन पटांवर ८४ घरं. कुठं सद्गुण, कुठं दोष, कुठं स्वर्ग-नरक, आणि माथ्यावर मोक्ष. पर्युषणात हा खेळ खेळत. मराठीतला मोक्षपट याच कुळातला; परंपरा तो ज्ञानेश्वरांशी जोडते. पुढे इंग्लंडात गेल्यावर घरांची नावं हळूहळू पुसली गेली, आकडे उरले, आणि सापशिडी होऊन तो आपल्याकडे परत आला.

मला यातला नियमाचा बदल फार मोलाचा वाटतो. पचीसीत दुसऱ्याची सोंगटी मारता येते. ज्ञानबाजीत कुणी कुणाला मारत नाही. प्रत्येक जीव आपल्याच कर्मानं चढतो नि घसरतो. अकराव्या गुणस्थानापर्यंत चढलेला जीवही खाली येतो, हे मुलांना समजवायला वरच्या ओळीतला एक साप पुरेसा आहे.

दिवाळीत आपल्या गोंदियातही घरोघरी पत्त्यांवर पैसे लागतात आणि मुलं शेजारी बसून बघतात. नुसतं ‘खेळू नका’ म्हणून ती ऐकत नाहीत. हातात दुसरा खेळ द्यावा लागतो. जुन्या सुती साडीच्या तुकड्यावर सात-सात घरांच्या १२ ओळी आखा, झाली ८४. घरांची नावं मुलांकडूनच लिहून घ्या. शिखरजीच्या लांबच्या प्रवासात पट घडी करून पर्समध्ये मावतो.

अट एकच, पैसे लावायचे नाहीत.