नाकारलेला अपंगत्व लाभ आणि न्यायिक पुनर्विलोकन : अमेरिकेतील ऐतिहासिक वाटचाल

कल्याणकारी राज्याने देऊ केलेला लाभ ही शासनाची कृपा की नागरिकाचा हक्क, या प्रश्नाची खरी कसोटी लाभ नाकारला जातो तेव्हा लागते. अमेरिकेतील अपंगत्व विम्याचा इतिहास या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

१९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात १९३९ साली दुरुस्ती होऊन कलम २०५ (जी) समाविष्ट झाले आणि प्रशासनाच्या अंतिम निर्णयाविरुद्ध ६० दिवसांत संघीय जिल्हा न्यायालयात दाद मागण्याची तरतूद झाली. मात्र वस्तुस्थितीविषयक निष्कर्षांना 'भरीव पुराव्या'चा आधार असल्यास ते निर्णायक मानावेत, अशी मर्यादाही त्याच कलमाने घातली. अपंगत्व विमा १९५६ मध्ये आला. आरंभी त्याचा लाभ ५० ते ६५ वर्षे वयाच्या कामगारांपुरता होता. १९६० मध्ये वयाची किमान अट रद्द होताच त्याची व्याप्ती वाढली.

दावेदार अपंग आहे काय, याचा न्यायालय नव्याने निर्णय करीत नाही; प्रशासनाच्या निर्णयाला अभिलेखात पुरेसा आधार आहे काय आणि कायद्याचे योग्य पालन झाले काय, एवढेच ते तपासते. रिचर्डसन विरुद्ध पेरालेस (१९७१) या खटल्यात, दावेदाराने डॉक्टरांना उलटतपासणीसाठी बोलावण्याचा अधिकार वापरला नसल्यास त्यांचे लेखी अहवालही भरीव पुरावा ठरू शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. मॅथ्यूज विरुद्ध एल्ड्रिज (१९७६) मध्ये तर लाभ बंद करण्यापूर्वी साक्षीपुराव्यासह सुनावणी घेणे घटनेनुसार आवश्यक नाही, असा निर्णय झाला. लाभ थांबल्यामुळे या कुटुंबाचे तारण घर गेले आणि घरातील सामानही जप्त झाले, याकडे न्यायमूर्ती ब्रेनन यांनी आपल्या भिन्नमतपत्रात लक्ष वेधले. नंतर मिळणारा न्याय मधल्या काळातील हानी भरून काढत नाही, हे त्यातून स्पष्ट होते.

१९८० च्या दुरुस्तीने लाभार्थींच्या नियतकालिक फेरतपासणीची सक्ती केली. १९८१ पासून रेगन प्रशासनाने ती वेगाने राबविली व लक्षावधी लोकांचे लाभ बंद झाले. एकदा सिद्ध झालेले अपंगत्व पुढेही टिकून असल्याचे गृहीत धरावे, असे नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने पॅटी विरुद्ध श्वाइकर (१९८२) मध्ये सांगितले. परंतु हे तत्त्व इतर प्रकरणांत लागू करण्यास प्रशासनाने नकार दिला. परिणामी जो न्यायालयात पोहोचला त्यालाच न्याय मिळण्याची शक्यता उरली. आजारी व निर्धन माणसांपैकी अनेकांना ते शक्य नव्हते. अखेर १९८४ च्या सुधारणा कायद्याने, वैद्यकीय सुधारणा झाल्याचा भरीव पुरावा असल्याखेरीज सर्वसाधारणपणे लाभ बंद करता येणार नाही, असा दंडक घातला. प्रतिनिधीगृहात ४०२ विरुद्ध ० आणि सिनेटमध्ये ९९ विरुद्ध ० मतांनी तो संमत झाला.

२०१९ मधील दोन निर्णयांतही हा ताण दिसतो. स्मिथ विरुद्ध बेरीहिल मध्ये, सुनावणीनंतरचे अपील मुदतबाह्य म्हणून फेटाळले तरी न्यायालयाचे दार खुले राहते, असे एकमताने ठरले; तर बीस्टेक विरुद्ध बेरीहिल मध्ये भरीव पुराव्याची पातळी फार उंच नसल्याचा पुनरुच्चार झाला.

सारांश, न्यायिक पुनर्विलोकनाने प्रशासनाला आपल्या निर्णयाची कारणे व आधार दाखविण्यास भाग पाडले. परंतु १९८० च्या दशकातील व्यापक अन्याय रोखण्यासाठी कायदेमंडळालाच पुढे यावे लागले. दाद मागण्याचा अधिकार आणि दाद मागण्याची ऐपत यांतील अंतर केवळ न्यायालयांना मिटविता येत नाही, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.