गावच्या ग्रुपवरचा मेसेज घरापर्यंत कसा पोहोचतो?

माहूर : तालुक्यात आता बहुतेक गावांत, तांड्यांत, वाड्यांत एक तरी व्हॉट्सॲप ग्रुप आहेच. कुठं ग्रामपंचायतीचा, कुठं शाळेचा, कुठं बचत गटाचा. सकाळी रेणुकामातेचा फोटो, शुभ सकाळ, वाढदिवस, आणि त्याच गर्दीत कुठंतरी लसीकरणाचा, रेशनचा नाहीतर शिष्यवृत्तीचा मेसेज. संध्याकाळी रानातून घरी आलेल्या बाईनं तो शोधायचा कसा?

बहुतेक वेळा मेसेजच अर्धवट असतो. "उद्या लसीकरण आहे, सर्वांनी यावे." हा उद्या म्हणजे कोणता? डोंगराआडच्या वस्तीवर रेंज नसेल तर मेसेज दुसऱ्या दिवशी दिसतो आणि "उद्या" निघून गेलेला असतो. तोच मेसेज असा लिहिता येतो : "बुधवार, 21 जानेवारी 2026, सकाळी 10 ते 2, अंगणवाडीत लसीकरण. गरोदर माता आणि 5 वर्षांपर्यंतची मुलं. माता-बाल संरक्षण कार्ड आणा. अडचण असेल तर आशाताईला विचारा." वर्षसुद्धा लिहावं. त्याचं कारण पीक विम्यात सापडतं.

2023 च्या खरिपात राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला. 2025 च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली. आता शेतकऱ्याला खरीप पिकांसाठी विमा रकमेच्या जास्तीत जास्त 2 टक्के, रब्बीसाठी दीड टक्का, कापसासारख्या नगदी पिकाला 5 टक्क्यांपर्यंत हप्ता भरावा लागतो. म्हणजे "एक रुपयात विमा" हा मेसेज त्या वेळी खरा होता, आज खोटा आहे. वर्षच नसलं तर वाचणाऱ्याला ते कळणार कसं?

ग्रुपच्या सेटिंगमध्ये फक्त ॲडमिननंच मेसेज टाकावा अशी सोय आहे. माहितीसाठी असा वेगळा ग्रुप आणि गप्पांसाठी जुना, हे बरं पडतं. महत्त्वाच्या मेसेजवर बोट दाबून धरलं की पिन करता येतो, तो 30 दिवसांपर्यंत वर राहतो. आणि लांबलचक पीडीएफपेक्षा अर्ध्या मिनिटाचा आवाजी मेसेज जास्त कामाचा. तांड्यावर गोरमाटीत, गोंड-कोलाम वस्तीवर त्यांच्या बोलीत सांगितला तर वाचता न येणाऱ्या आजीलाही समजतो.

शाळेच्या बाबतीत हे राज्यात करून झालंय. पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी 2022 मध्ये "पहिले पाऊल" हे शाळापूर्व तयारी अभियान निघालं. गावात आयांचे गट झाले आणि घरी मुलाकडून काय करून घ्यायचं ते त्यांच्या मोबाईलवर येऊ लागलं. एकीकडं फोन, बाकीच्या शेजारच्या ओट्यावर. फोन नसलेल्या घराला असं जोडून घेता येतं.

ऊसतोडीला गेलेल्या घरांना तर ग्रुप हाच गावाचा धागा. आधार जोडलेलं रेशन कार्ड असेल तर धान्य दुसऱ्या गावच्या दुकानातही मिळतं. ही माहिती फडावर पोहोचायला हवी.

धोका मोठा आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथं मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती. अफवा मोबाईलवरूनच फिरली होती. अनोळखी माणसाबद्दल संशय आला तर 112 ला फोन करायचा, फोटो ग्रुपवर टाकायचा नाही. मूल हरवलं असेल तर 1098.

आधार, पासबुक किंवा लाभार्थ्यांच्या याद्या ग्रुपवर कशाला? "योजनेचे पैसे" म्हणून एपीके फाईल आली तर उघडू नये. पैसे गेलेच तर लगेच 1930. ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेजही सर्वांसाठी काढता येतो. सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मेसेजला, संगनमत नसेल तर, केवळ ॲडमिन म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये म्हटलंय. तरी तो मेसेज रात्रभर तसाच ठेवू नये.